सर ट्रेनिंगला गेलेत

११ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ९.१०
हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडत होतो, तेवढ्यात गायकवाड सर आत आले. माझ्या शाळेचे मुख्याध्यापक! फलक: 'शैक्षणिक नेतृत्व विकास कार्यशाळा' (बघून लिहिलं). तीन दिवस, राहणं-जेवण आमच्याच रिसॉर्टमध्ये.

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचंय. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्यावर सरांची सही. मुदत महिनाअखेर. दोनदा रजा टाकून शाळेत गेलो. दोन्ही वेळा क्लार्क आबा म्हणाले, "सर ट्रेनिंगला गेलेत."

आता ट्रेनिंगच लोणावळ्यात माझ्यापुढे. सरांना चहा दिला. ओळखलं नाही. नववीत शाळा सुटली तेव्हा मिशी नव्हती.

१२ सप्टें., शुक्र.
आज विचारायचंच, असं ठरवलेलं. नाश्त्याला सर फोनवर. जेवताना चार मुख्याध्यापकांच्या घोळक्यात. मी वरणाचं पातेलं घेऊन मागे उभा. मॅनेजर रफिकभाई: "पातेल्याला चिकटलास का रे? वाढ की!" पाहुण्यांकडे आपली कामं काढायची नाहीत, हा त्यांचा नियम. नोकरीच गेली तर...

वडिवळ्याहून आईचा फोन.
"इचारलंस का?"
"नाही."
"मंग त्वांड कशाला दिलंय देवानं?"

१३ सप्टें., शनि.
प्रशिक्षक मॅडमनी नाटुकलं बसवलं. शाळा सुटलेला मुलगा आणि मुख्याध्यापक. मुलगा व्हायला एकही मुख्याध्यापक तयार होईना. मॅडमनी मलाच बोलावलं. हातात टेबल पुसायचं फडकं. समोर मुख्याध्यापक म्हणून गायकवाड सर.

"ये बाळा, बस. आधी तुझं ऐकतो." इतका मऊ आवाज शाळेत कधी ऐकला नव्हता.

फडकं मांडीवर ठेवून बसलो. बोललो. "सर, दहावी करायचीय. दाखला द्या. दोनदा आलो, तुम्ही नव्हता."

"सोमवारी ये. मी स्वतः सही करून देतो."

टाळ्या. मॅडम म्हणाल्या, बघा, किती सहज! मागून कुणीतरी, "याला गॅदरिंगला न्या!"

चहाच्या वेळी सरांनी पाठ थोपटली. "झकास केलंस रे. अभिनय कुठं शिकलास?"
"अभिनय नव्हता, सर. मी तुमच्याच शाळेचा. दाखला खरंच पाहिजे."

सरांनी कप खाली ठेवला. काही म्हणणार, तोच मॅडमनी ग्रुप फोटोला हाक मारली. फोटो मीच काढला. सगळे हसले, सर नाही. मग गाड्या लागल्या, गेले.

सोमवारचं खरं धरायचं, की ते नाटकातलंच?

१५ सप्टें., सोम., शाळेत
रफिकभाईंना सगळं सांगून रजा मागितली. "येड्या, आधी बोलायचं ना! मीच सरांना धरलं असतं."

क्लार्क आबा म्हणाले, "आज हायेत सर. बस बाकावर." माझं नाव सांगायला आत गेले. बाहेर आले आणि रजिस्टर उघडून बसले.

मधली सुट्टी होऊन गेली. बाकावरच लिहितोय. दार लोटलेलं. आत सर शिक्षकांना ट्रेनिंगचं सांगताहेत, सगळं ऐकू येतंय. "मूल दारात आलं की हातातलं काम बाजूला ठेवायचं. आधी त्याचं ऐकायचं."

उठलो तर आबा, "बस रं. संपलंच आता."
बसलो.

आत अजून तेच चाललंय. फळ्यावर खडूचा आवाज.

आबा पाणी प्यायला गेलेत. वही मिटतो. दार वाजवतो.