भावाची जागा

३ मे, कोयनानगर
नोकरीचा पहिला दिवस. विट्याहून निघून दुपारी पोचलो. तिथल्या सोनं गाळायच्या गलाईच्या धुरापेक्षा इथली हवा फार छान. राजेश्वरी मॅडम सिनेमा करतात, पण त्यात गोष्ट नाही, नट नाहीत, कुणी बोलत नाही. सिनेमा पाण्यातल्या सात आसरांचा, म्हणजे जलदेवींचा आहे, म्हणून रीळसुद्धा धरणाच्याच पाण्यात धुतात. मला नीट समजलं नाही, पण काम सोपं आहे. कॅमेऱ्यापासूनचं अंतर टेपनं मोजायचं. चौदा तारखेला अपेक्षाचं लग्न, त्याची सुट्टी आधीच मागून ठेवली. वडील नाहीत, नवरदेवाचा कान पिळायला मी एकटाच भाऊ. फोनवर म्हणाली, "दादा, वेळेवर ये, न्हाईतर तुझाच कान पिळीन."

५ मे
पाणी उतरलंय तिथं काठावर आसरांचे सात दगड आहेत. शेजारी शेंदूर लावलेला म्हसोबा, त्यांचा राखणदार भाऊ. मॅडमना तो चौकटीत नको होता. आम्ही दोघांनी त्याला पाण्यात ढकललं. मला बरं वाटलं नाही, पण नोकरी नवी. मग फोकससाठी त्यांनी मलाच त्याच्या जागी उभं केलं. बराच वेळ उभा होतो. पाय गार पडले.

६ मे
धुतलेलं रीळ पाहिलं. रीळ काळंपांढरं आहे. तरी माझा चेहरा शेंदरी. मॅडम खूश. दगडांना हळदकुंकू वाहणाऱ्या धोंडुबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कुंकवाचा करंडा मिटला. मग म्हणाल्या, "भावाबिगार आसरा ऱ्हात न्हाईत, बाळा. पान्याकडनं कुनी दादा म्हनलं तर ओ दिऊ नगंस." किती दिवस, असं विचारलं. त्या उठून चालू लागल्या.

९ मे
तोंड धुतलं तर ओंजळ शेंदरी. साबणानं जात नाही. मॅडमना न सांगता घरी निघालो. पाटणच्या अलीकडे तोंडातून पाणी येऊ लागलं — धरणाचं, शेवाळाच्या वासाचं. कंडक्टरनं खाली उतरवलं. कोयनेला परतणाऱ्या गाडीत बसलो तसं थांबलं.

११ मे
म्हसोबा शोधायला पाण्यात उतरलो. काठालगतच ढकलला होता. सापडत नाही. धोंडुबाईंनी दुसरा दगड मांडला, तो सकाळी पालथा. काठावरून ओली पावलं — बायकांची — माझ्या खोलीपर्यंत.

१३ मे
गुडघे वाकत नाहीत. मॅडम कॅमेरा लावून बसल्यात. हलू नकोस म्हणतात. अपेक्षाचे फोनवर फोन. उचलत नाही. दादा म्हणेल — आणि मी —

१४ मे
डोळे उघडले ते दगडांपाशीच, वही हातात. ऊन चढलंय. तिकडे अक्षतांची वेळ —

पाण्याकडून हाक. दादा.

मान वळत नाही. आवाज अपेक्षाचाच. बांगड्या वाजतात. मला शोधत इथवर आली असेल तर? इथं काठापासून दोन पावलांवर पाणी एकदम खोल आहे — तिला पोहता येत नाही — मी गप्प राहिलो तर ती अशीच पुढं —

दादा, कुठं हायस?

पाण्यात पाऊल पडल्याचा आवाज. आणखी एक. मी ओ