दोन इंच

जळगाव, रविवार संध्याकाळ

बास्केटबॉलचे खांब मी रोवले, रिंगा मी वेल्ड केल्या, जाळ्या विणल्या, कोर्टचा कोबाही मीच घातला. आज माझा संघ धुळ्यात पुन्हा हरला. प्रत्येक बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत.

कप्तान म्हणाला, "नाना, इथली रिंग उंच शे!"

"रिंग नाही, तुझे गुडघे आळशी," मी खेकसलो.

घरी न जाता आमच्या कोर्टवर टेप लावला. आमचीच रिंग दोन इंच खाली! खांब अचूक मोजून रोवले, पण कोबा नंतर चढवला. दोन इंच...

शनिवारचा सामनाही हरलो तर मालक संघ बंद करणार, पोरांचे पगार बंद. रिंग उद्या उचलेन, पण हातांची सवय शनिवारपर्यंत कशी मोडू?

कोर्ट बांधताना मालक तयार खांब देत होते, दोन लाखांचे. मी नको म्हटलं.