वाऱ्याकडे पाठ

माय, आज तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. कॉलेजात शिकवते हे तर तुला ठाऊकच होतं, पण यंदा समाजसेवेच्या पथकातल्या पोरांची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली आहे. तर आज सकाळी चाळीस पोरंपोरी घेऊन वाडीला गेले, गोदामांपुढे ट्रक उभे राहतात त्या रस्त्यावर. चहाचे कागदी कप, तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या, खोक्यांच्या पट्ट्या, नुसता उकिरडा! पोरांनी आधी बॅनर धरून फोटो काढले. मग दोन टोळ्या केल्या, पैज लावली, आणि रस्त्याच्या दोन टोकांकडून झाडत मध्ये यायला निघाले. वारा सुटलेला. एका टोळीचा सगळा कचरा दुसरीच्या तोंडावर. "आमच्या भागात काहून लोटून राहिले बे?" अशी भांडणं सुरू. तो रस्ता रोज झाडणारी बाई ढकलगाडीला टेकून चहा पीत होती. मला म्हणाली, "मॅडम, हे पोट्टे झाडून राहिले का होळी खेळून राहिले वं?"

माझे हात शिवशिवायला लागले. प्रताप नगरचा तो रविवार आठवला. मी सातवीत आहे, हट्टानं तुझ्यासोबत कामावर आले आहे. तू खराटा माझ्या हाती देतेस आणि दोन मिनिटांत ओरडतेस, "डास मारून राहिली का? वाऱ्याकडे पाठ कर. अन् कोनाच्या फाटकाकडे धूळ लोटायची नाही, लोक आंघोळ करून निघतात." प्रत्येक फाटकापुढे तू खराटा आडवा धरायचीस आणि कचरा आपल्याकडे ओढून घ्यायचीस. तुला तसं कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं.

पण खराटा हातात घेतला की प्रश्न येणार, हेही मला कळत होतं. इतकी वर्षं कॉलेजात मी "आई महापालिकेत होती" एवढंच सांगत आले. लोकांनी तुला मनानंच टेबलखुर्चीवर बसवलं, आणि मी काही तुला तिथून उठवलं नाही. आज उठवायचं का, एवढाच प्रश्न होता.

तरी पदर खोचला. "सगळे एका बाजूला या रे!" म्हणून ओरडले आणि वाऱ्याकडे पाठ करून झाडत सुटले. ती बाई चहा तसाच ठेवून उभी राहिली. "अगं माय वं! हा हात तर आपल्या कामातला हाय!" पोरांमधली सगळ्यात आगाऊ पोरगी पुढे आली. "मॅडम, कुठं शिकल्या तुम्ही हे?" मी म्हटलं, "माझी माय रस्ते झाडायची. तिनंच शिकवलं." आता सगळी गप्प होतील, एकमेकांकडे बघतील, असं मला वाटलं. ती पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, "मग आधी काहून नाही सांगितलं? आमचा एक तास वाचला असता न!" सगळी पोरं खो खो हसली. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग त्या बाईनं आणि मी मिळून त्यांना ओळीत लावलं. रस्ता असा लख्ख झाला की ट्रकवाले खाली उतरून बघत होते. नोकरी कायम झाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता, खरंच सांगते.

हे सगळं पोरांच्या हजेरीच्या कागदामागे लिहिलं आहे. ऑफिसात द्यायला उद्या दुसरा कागद करीन, हा माझ्याजवळच राहील. एक सांगायचं मात्र अजून उरलं आहे. अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या कामापुढे मी 'गृहिणी' लिहिलं होतं. तुला तेव्हा वाचता येत नव्हतं असं मी आजवर स्वतःला समजावत आले. पण तेव्हा तू साक्षरता वर्गाला जायला लागून वर्ष झालं होतं. तू त्या शब्दावर बोट ठेवलंस, ओठ हलवत वाचलंस, आणि मग खाली सही केलीस. मी खिडकीबाहेर बघत होते, पण मला दिसलं होतं, माय.