बोगद्यापाशी मारलेली हाक

२ ऑगस्ट
आज सकाळी आठला कीलुंग बंदराच्या अग्निशमन ठाण्याची पायरी चढलो आणि माझं नशीब पालटलं! कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबांनी अबोला धरलाय, धरू देत. मला अपघातांचे फोटो काढायचं काम मिळालंय, आणि रुग्णवाहिकेवर पेई-छन आहे. खरं तर तिच्यासाठीच आलोय.

खो काका पंचवीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी शिकवलं: आधी चारही बाजूंनी लांबून, मग जवळून. आणि अपघाताच्या जागेवर कुणाला नावानं हाक मारायची नाही. 'ए' म्हण, गाढव म्हण, पण नाव नको. नुकताच गेलेला माणूस ऐकत असतो, ज्याचं नाव कळेल त्याच्या मागं लागतो. मी हसलो. तर म्हणाले, हस बाबा, दात छान आहेत तुझे.

९ ऑगस्ट
बोगद्याच्या तोंडाशी अपघातात एक स्कूटरवाला गेला. अंगात पिवळा रेनकोट. पेई-छन नव्या चालकाशी हसत होती, तेही अशा जागी! डोकं फिरलं माझं. ओरडलो, "थू पेई-छन!" आडनावासकट.

काकांनी सर्वांदेखत कानफटात लगावली. ती म्हणाली, ए गाढवा, अक्कल गहाण टाकलीस का? पण ओठ पांढरे पडले होते तिचे.

११ ऑगस्ट
मासळी बाजारातली आग. फोटोत गर्दीमागे कुणीतरी पिवळ्या रेनकोटमध्ये. ऊन तर कडक होतं.

१४ ऑगस्ट
बंदरावरचा अपघात. फोटोत तोच, पेई-छनपासून दहा पावलांवर. तिथं कुणीही नव्हतं, मी पाहिलं होतं. दाखवला तसा काकांनी फोटो पालथा घातला. मग म्हणाले, हाक मारली त्याच जागी त्याला दुसरं नाव द्यावं लागतं. कुणाचं, ते मी विचारलं नाही.

१७ ऑगस्ट
आजच्या फोटोत तीन पावलं. ती म्हणते, मान गार पडते. कानाशी कुणीतरी तिचं नाव घेतं — माझ्या आवाजात.

१८ ऑगस्ट
त्याचा हात तिच्या खांद्यावर. टोपीत चेहरा नाही, नुसतं पाणी —
ती तापानं फणफणलीय. डॉक्टरांना काही कळत नाही.

१९ ऑगस्ट
दुपारी बोगद्यापाशी उभा राहिलो. लियाओ च्येन-तिंग. माझंच नाव. तीनदा.
चारला तिचा फोन. ताप उतरला. भूक लागलीय म्हणे —
माझ्या खोलीत ओल्या पावलांचे ठसे. पलंगापर्यंत.
बाहेर आलो. दार ओढून घेतलं. पायरीवर लिहितोय.
आतून पेई-छन हाक मारतेय. पूर्ण नावानं.
पण ती तर मला नेहमी गाढव —