आत्याबाईचं अर्धं गाणं

मु. मोहखेडी, ता. सेलू, जि. वर्धा

ती. रुख्मिणीबाईस,

धाकट्या नत्थूचा जय सेवा, आणि पायावर डोकं. तुझे गुडघे कसे आहेत, भाऊजींची साखर उतरली का, नागपूरचं ऊन यंदा कुठवर चढलं, सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेला महिनाभर मी अजिबात मजेत नाही. (फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू 'दूध उतू चाललं' म्हणून ठेवून देतेस. पत्राला दूध आडवं येत नाही.)

सगळ्याला कारण माझी लेक मेघा. वर्ध्याच्या कॉलेजातून चार दिवस आली आणि हुकूम सोडून गेली, की पेनठाण्यावरचं, आपल्या देवाच्या जागेचं मोठं गाणं आता एकट्या तानाआत्यालाच येतं, तिचं वय ब्याऐंशी, तेव्हा बाबांनी ते मोबाईलमध्ये भरून ठेवावं. मी म्हटलं, त्यात काय! तीस वर्षं जंगलखात्यात काढली, सागवानाचे चोर नाल्यात उतरून धरले, तर म्हातारीचं गाणं धरणं काय अवघड आहे? बाई, चोर बरे. चोर निदान पळतात, म्हणजे कुठं जायचं ते आपल्याला कळतं.

आत्या आठ दिवस 'डब्बीसमोर देवाचं गाणं म्हनत नाई' एवढंच म्हणत राहिली. नवव्या दिवशी तयार झाली, पण अटी घालून: नवं लुगडं पाहिजे, गाणं पेनठाण्यावर मोहाच्या झाडाखालीच होईल, आणि मी अनवाणी उभा राहीन. मे महिन्यात, सकाळचे अकरा! आत्या सावलीत बसली, माझ्या वाट्याला सावलीची कड आली, आणि ती कड दर पाच मिनिटांनी सरकत होती. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत तासभर मोबाईल तिच्या तोंडापुढे धरला. घरी येऊन पाहतो तर गाण्याचा एक शब्द नाही, आत्याच्या हनुवटीचे एकेचाळीस फोटो. (बटण चुकलं. हसू नको.)

दुसऱ्यांदा पुन्हा लुगडं, पुन्हा मोह, पुन्हा माझे तळपाय. या वेळी गाणं भरलं, पण कसं? दोन ओळी, मग गप्प. पुन्हा दोन ओळी, पुन्हा गप्प. मोबाईल बिघडला असं समजून मी तो सेलूला धीरजच्या दुकानात नेला. त्याने उघडला, फुंकला, बंद केला आणि म्हणाला, 'काका, मोबाईल टकाटक आहे, माईक घेऊन जा.' तो माईक मी आत्याच्या पदराला लावला. तिने तो काढून, पुसून, पानाच्या चंचीत ठेवला. चंची मांडीवर घेऊन गायली. तरी तेच! गप्प जागी होल्याचं घुमणं स्वच्छ ऐकू येतं, किसनरावाचा ट्रॅक्टर ऐकू येतो, मी 'हाय हाय' करतो तेसुद्धा ऐकू येतं. आत्या तेवढी नाही. मग माझं डोकं फिरलं.

'आत्या, तू मधामधात थांबते काऊन? दम लागते का?'

'मी थांबत नाई. मी वाट पाहून राह्यली.'

'कोनाची?'

यावर तिने चंची आवळली आणि चालायला लागली. मी अनवाणी मागे.

उत्तर लागलं ते मेघाकडून. मी ते तुटकं गाणं तिला पाठवलं, तिने कुठून कुठून गोंडीचे शब्द गोळा करून अर्थ लावला आणि मला फोन केला. 'बाबा, ही तर प्रश्नपत्रिका आहे! कोणत्या नदीकडून आलो? पहिलं झाड कोणी राखलं? वाटेत कोण हरवलं, त्याचं नाव काय? नुसते प्रश्न. उत्तरं कुठं आहेत?'

मी आत्यासमोर जाऊन बसलो. तेव्हा तिने सांगितलं. हे गाणं दोघींचं. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. विचारणं आत्याकडे होतं, सांगणं आपल्या आजीकडे. म्हणून ती दर प्रश्नानंतर बरोबर उत्तर मावेल एवढीच थांबते, साठ वर्षांच्या सवयीने. मी म्हटलं, मग मीच काही सांगून पाहतो. (आश्रमशाळेत गोंडी बोललो की पोरं हसायची, म्हणून माझी गोंडी तिसरीतच सुटली, हे तुला ठाऊक आहे.) मी एक ओळ जुळवून म्हटली. आत्याने तोंडाला पदर लावला आणि इतकी हसली की तंबाखूचा ठसका लागला. म्हणे, मी नदी विचारली आणि तू म्हशीचं नाव सांगितलं.

असो. तर असा हा व्याप. मी कंटाळलो आहे, तळपायांना खोबरेल चोळतो आहे, आणि या भानगडीतून अंग काढून घ्यायचं ठरवलं आहे. पत्र सहजच लिहिलं, काम काही नाही. भाऊजींना जोहार.

तुझा,
नत्थू

ता. क. काम नाही म्हणून लिहिलं ते खोटं आहे. आजीने तिचं सांगणं कोणाला शिकवलं, असं मी आत्याला विचारलं. तिने तुझं नाव घेतलं. सात वर्षांनी पहिल्यांदा घेतलं, बाई. तेव्हा आईच्या मातीला तिने गाण्यातला प्रश्न टाकला आणि तू चार लोकांत म्हणालीस, 'मले आता हे काही येत नाई.' मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तुझे ओठ हलत होते.

ता. क. दुसरा. तिने बोलावलं असं तुला कळवू नये, अशी मला शपथ घातली आहे. तेव्हा तिने बोलावलेलं नाही. सेलूच्या स्टँडवर मी गाडी घेऊन येतो, फक्त दिवस सांग.

ता. क. तिसरा. तू ओळी फोनवरच म्हणून पाठवल्यास तर चालेल का, असं मी विचारून पाहिलं. आत्या उठून चुलीकडे गेली. मग मी विचारलं, 'बाईले खरंच आठवत नसन तं?' बराच वेळ फुंकणीने जाळ करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'येऊ तं दे तिले. मी हळू इचारीन.'