कंडेन्सरचे लांब पाय

ती. मामांस भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका बोटाला भाजल्याची पट्टी आहे, तेवढं चालवून घ्या). गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला का?

मी मजेत आहे, म्हणजे गुरुवारपासून आहे. त्याआधीचे पंधरा दिवस शत्रूवरही येऊ नयेत. वर्कशॉपच्या वरिष्ठ बाईंनी (त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही) एक वायरलेस सेट माझ्या एकट्याच्या हवाली केला. तपासनिसासमोर त्याची फ्रीक्वेन्सी तासभर जागची हलली नाही तर माझी नोकरी कायम, हलली तर मी हलायचं. आता तुमची शिकवण माझ्या हाडीमाशी मुरलेली: कंडेन्सरचे तारेचे पाय कापू नयेत, म्हणजे उद्या तो काढून दुसरीकडे लावता येतो. मी एकाचेही कापले नाहीत. सगळे बगळ्यांसारखे उंच उभे. सेट चालू केला तर फ्रीक्वेन्सी भलत्याच गावी. हे कोणी शिकवलं, असं बाईंनी विचारलं. मी तुमचं नाव घेतलं नाही (आजोळच्या अब्रूचा प्रश्न). इतक्या वरच्या फ्रीक्वेन्सीला बोटभर तारसुद्धा कॉइलसारखी वागते म्हणे. त्यांनी माझ्याच हातून एकेक पाय मुळाशी कापवून घेतला. मामा, मला खरंच वाईट वाटलं.

त्यानंतर फ्रीक्वेन्सी गावात आली, पण सेट तापला की पुन्हा उंडारायला लागे. मी निवडलेले कंडेन्सर स्वस्तातले, सिरॅमिकचे; ऊब लागली की त्यांचं माप बदलतं. बाई म्हणाल्या, इथे अभ्रकाचाच कंडेन्सर हवा. दुकानदार म्हणाला, तीन आठवडे. तपासणी परवावर. मी घरी येऊन फळीकडे बघत बसलो, आणि कुठून तरी एक मिळाला. गुरुवारी तासभर काटा हलला नाही, तपासनिसाला डुलकी लागली, बाई हसल्या (दात दिसले), आणि मी कायम झालो. तुमच्याशिवाय हे झालं नसतं, हे मी अक्षरशः म्हणतोय.

तुमचाच,
लाडका (अजून असेन तर) भाचा

ता. क. तुम्ही माझ्याकडे दुरुस्तीला ठेवलेल्या, त्या फळीवरच्या रेडिओची फक्त एक तार सुटली होती. ती मी पहिल्याच दिवशी जोडली आणि तो छान वाजला. आता वाजत नाही. त्यातला अभ्रकाचा कंडेन्सर सेटमध्ये बसून सीलबंद पेटीतून रवाना झाला. पण तुम्ही त्याचे पाय लांब ठेवले होते म्हणूनच तो काढून दुसरीकडे लावता आला, म्हणजे तुमचंच खरं ठरलं. मामींना हे हळूहळू सांगा.

आणखी ता. क. तपासनिसांनी खूश होऊन तसाच दुसरा सेट मागवलाय. मावशीकडे तुमच्याच जोडीचा रेडिओ आहे ना? ती म्हणते उत्तम वाजतो, पण एकदा तपासून घेतलेला बरा. तुम्हीच तिच्याकडे शब्द टाका. माझ्यावर तिचा भरवसा नाही.