पिशवी लहान आहे हो

निवारा केंद्राच्या बाई,

रागाच्या भरात मी मुलीला घराबाहेर काढलं. महापालिकेच्या तुमच्या केंद्रानं तिला ठेवून घेतलं. तुम्ही घरी आलात तेव्हा वाटलं, आता उपदेश ऐकावा लागणार. तुम्ही फक्त तिचा चष्मा मागितलात. पुढच्या आठवड्यात वह्या. मग स्वेटर.

"सगळं एकदमच न्या की!" मी खेकसलो.

"पिशवी लहान आहे हो."

दर वेळी तिच्या खोलीत मलाच शोधाशोध करावी लागायची. काल तुम्ही उशी मागितलीत आणि माझा बांध फुटला.

"उशी नाही मिळणार. तिलाच पाठवा."

तुम्ही वळून हाक मारलीत. ती जिन्यातच उभी होती.

धन्य आहे तुमची! हे तोंडावर म्हणायला जीभ रेटत नाही, पत्रही टाकवणार नाही.

ती दर आठवड्याला जिन्यात उभी असायची, हे तिनं आज सांगितलं.

खेकसणारा बाप